बेल बंद आहे, आवाज द्या

मी काही फार भाविक बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. खरं तर असायला हवी होते, कारण माझं माहेर शनिशिंगणापूरचं. पण देवाच्या गावात वाढलेल्या माणसाला देवाचं अप्रूप राहत नाही. लोक कुठून कुठून येतात, तेल वाहतात, डोळ्यांत पाणी आणतात, आणि आम्ही पोरंसोरं त्यांच्या गर्दीतून वाट काढत शाळेत जायचो. शेजाऱ्याला कोणी उठता-बसता नमस्कार घालतं का? तसंच ते. लग्न होऊन नगरला आले तरी शनिवारचा उपवास सुटला नाही, संध्याकाळचा दिवा सुटला नाही. पण अगदी मनातलं विचाराल तर वर कोणी ऐकतंय की नाही, याची मला कधीच खात्री नव्हती. आणि ती नाही म्हणून माझं काही अडतही नव्हतं.

आमच्या गावात घरांना दारं नसतात, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. चौकट असते, पडदा असतो, कुत्रं शिरू नये म्हणून एखादी फळी टेकवलेली असते, बस. बाहेरचे लोक चोरीबद्दल विचारतात. पण दार नाही म्हणजे वाजवायला कडीही नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. कोणाकडे जायचं तर चौकटीबाहेर थांबून हाक मारायची, ‘हायेत का घरात?’ आतून ‘हाये’ असं आलं की मगच पाऊल आत टाकायचं. नाही आलं तर मुकाट्यानं माघारी फिरायचं, समोर सगळं उघडं असलं तरी. निदान आमच्या गल्लीत तरी हीच रीत होती. माझी आई चुलीपुढून न उठता नुसतं ‘हाये’ म्हणायची आणि तेवढ्यावर शेजारणी आत येऊन बसायच्या.

नगरला सासरी आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी भाजी घेऊन परत आले आणि दाराबाहेर उभी राहून खड्या आवाजात विचारलं, ‘हायेत का घरात?’ शेजारचे दोघं-तिघं बाहेर डोकावले. सासूबाई दार उघडून म्हणाल्या, “अगं बाई, बेल आहे ना! गाव कशाला गोळा करतेस?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी बेल दाबायला शिकले. पुढे आवाजही आपोआप खाली आला. इतका की आमच्या मुलीला वाटायचं, आईला मोठ्यानं बोलताच येत नाही. आमच्या ह्यांना मात्र ती हाक आयुष्यभर पुरली. हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फोरमन होते, आता निवृत्त आहेत. स्वभावानं शिस्तीचे, पण बायकोची थट्टा करायची म्हटली की एकच विनोद, तोही लग्नापासूनचा. मी खोलीत आले की म्हणणार, “दार लावून घे गं, शिंगणापूर नाही हे.” पंखा लागला तरी तेच, थंडी वाजली तरी तेच. मी हसणं केव्हाच सोडलं होतं. त्यांनी म्हणणं काही सोडलं नाही.

तर मुलगी हैदराबादला असते. तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला प्रवास बंद सांगितला होता. म्हणजे बाळंतपणाला ती माहेरी येण्याऐवजी माहेरानंच तिच्याकडे जायचं ठरलं. जावयांनी काकडीच्या विमानतळावरून, म्हणजे आपलं शिर्डीचं विमानतळ, तिकिटं काढून दिली. निघायचा दिवस नेमका शनिवार. वाटेत माहेरी डोकावू, दर्शन घेऊ, भावाकडे फराळ करू आणि तसंच सोनई-राहुरीवरून पुढे जाऊ, असा बेत मीच आखला. ह्यांना साखरेचा आजार, रोज जेवणाआधी इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. शनिवारचा उपवास हे माझ्या सोबतीनं करतात, पण उपवास म्हणजे भगर, खिचडी, दाण्याची आमटी, उपाशी काही राहत नाहीत. सुईची वेळ आणि खाण्याची वेळ त्यांची कधी चुकत नाही.

त्या दिवशी चुकली. दर्शनाला एवढी झुंबड होती की रांगेतच सकाळ गेली. देव तिथे उघड्यावर उभा आहे, वर छप्पर नाही, काही नाही, तरी त्याच्यापर्यंत पोचायला माणसांच्या भिंती ओलांडाव्या लागतात. पोचले तेव्हा काय मागायचं तेही आठवेना. मुलगी सुखरूप सुटू दे, एवढं म्हटलं आणि मागच्यांच्या रेट्यानं बाजूला झाले. भावाकडे आलो. वहिनी म्हणाली, “बसा, ताटंच घेते.” ताट येतंय म्हटल्यावर ह्यांनी नेहमीप्रमाणे सुई घेतली. आणि नेमकं त्याच वेळी गाडीवाला चौकटीशी येऊन सांगू लागला की पुढे रस्ता तुंबलाय, आत्ता निघालो नाही तर विमान काही सापडायचं नाही. झालं! पळापळ सुरू. वहिनीनं खिचडी डब्यात भरली, डबा माझ्या पिशवीत कोंबला. गाडीत ह्यांनी एक केळं खाल्लं. डबा काढते म्हटलं तर म्हणाले, “हिंदकळतंय किती. विमानात बसून निवांत खाऊ.” विमानतळावर तपासणीच्या रांगा. तिथेही तेच, आत गेल्यावर खाऊ. मीही फार जोर केला नाही. सुई पोटात आणि अन्न पिशवीत, हा हिशोब माझ्या डोक्यातच आला नाही.

विमान लहान होतं, पंख्याचं. एका बाजूला दोन खुर्च्या, मध्ये वाट, दुसऱ्या बाजूला दोन. आमच्या खुर्च्यांपाशी आलो तर डोक्यावरच्या कप्प्याला चिकटपट्टी मारून वर चिठ्ठी लावलेली, वापरात नाही. माझ्या खुर्चीची पाठ मागे जात नव्हती, तिथेही चिठ्ठी. वाचायचा दिवा लागत नव्हता. आणि मदतीला बोलवायची बेल असते ना, ती दोघांत मिळून एक, तीही बंद. हवाईसुंदरी म्हणजे माझ्या मुलीपेक्षाही लहान मुलगी, पण वागायला गोड. पिशवी पायाशी मावेना म्हणून ती घेऊन गेली आणि पुढे कुठल्याशा कप्प्यात ठेवली. जाताना हिंदीत म्हणाली, “काकी, ही बेल बंद आहे. काही लागलं तर आवाज द्या.” मी मान हलवली. मला मनातून हे विमान काही पसंत पडलं नव्हतं. पण आमचे फोरमन खुशीत! प्रत्येक चिठ्ठी नीट वाचून मला समजावून सांगितलं, की या सगळ्या वरवरच्या गोष्टी, उडण्याशी त्यांचा काही संबंध नाही. चिठ्ठी लावलीय म्हणजे बिघाड त्यांना ठाऊक आहे. ठाऊक असलेल्या बिघाडाला घाबरायचं नसतं. कारखान्यात हे रोज मशिनी तपासायचे, तेव्हा मी मुकाट पट्टा बांधला.

दार लागता लागता पुढून एक गृहस्थ कुरकुरत मागे आले. पांढरा पायजमा-सदरा, डोक्याला जाळीची टोपी, चांगले आडदांड. त्यांच्या खुर्चीचा पट्टा बसत नव्हता म्हणून त्या मुलीनं त्यांना उठवून आमच्या शेजारी, वाटेच्या पलीकडे आणून बसवलं होतं. “पुढली खिडकी दिली हुती भाच्यानं, आन् हितं आनून टाकलं,” असं स्वतःशीच म्हणत बसले, तोंडावर रुमाल टाकला आणि विमान वर चढायच्या आत घोरायला लागले. आपल्याच भागातलं माणूस दिसतंय, एवढं मनात आलं आणि मी खिडकीतून बाहेर बघू लागले.

वर गेल्यावर डबा मागून घ्यायचा होता. पण ढगांचे दिवस, विमानाला दणके बसायला लागले. पट्टे सोडू नका, अशी सूचना झाली आणि ती मुलगी आणि तिची जोडीदारीणही पुढे पडद्याआड आपापल्या जागी पट्टे बांधून बसल्या. म्हटलं, थांबू जरा. तेवढ्यात हे म्हणाले, “दार लाव गं. वारा येतोय.” मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, झालं सुरू, आता आभाळातही शिंगणापूर. थोड्या वेळानं पुन्हा, “दार उघडं राहिलंय. लाव ना.” मी म्हटलं, “पुरे की आता, लोक ऐकतात.” तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांच्या बोलण्यात थट्टेचा सूर नव्हता. जीभ जड झाल्यासारखी. वळून बघते तर शर्ट घामानं ओला, चेहरा पांढराफटक, आणि हात शर्टाच्या बटनाशी चाळा करतोय, पण बटन काही सापडत नाही. “अहो,” म्हटलं. माझ्याकडे बघितलं, पण ओळख नव्हती त्या बघण्यात. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं परक्यासारखं कधी बघितलं नव्हतं.

मला कळलं काय झालंय ते. साखर उतरली होती. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की अशा वेळी लगेच गोड द्यायचं, उशीर झाला तर माणूस बेशुद्ध होतं आणि मग काही खरं नाही. आणि माझ्याजवळ काय होतं? काही नाही. पर्समध्ये चार गोळ्या साखरेच्या ठेवायला हव्यात, त्या माझ्या त्याच पिशवीत, डब्याशेजारी. मी बेल दाबली. बंद आहे हे माहीत असून दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. हात उंच करून हलवला, पण बघायला समोर पडदा. उठायला गेले तर दणक्यानं परत खुर्चीत आदळले, आणि ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. त्यांना सोडून जाता येईना.

आवाज द्या, असं त्या मुलीनं सांगितलं होतं. एवढंच तर करायचं होतं! पण माझ्या तोंडून आवाज फुटेना. पंख्यांची घरघर, अनोळखी माणसं, आणि इतक्या वर्षांची हळू बोलायची सवय. देवाला आळवावं म्हटलं, तर रोज म्हणते त्या स्तोत्राची पहिली ओळसुद्धा आठवेना. शनिदेवा म्हणावं, तर सकाळी जाऊन एवढं मागून आले आणि ह्यांचं नाव घ्यायचंच राहिलं, हे आठवलं. हे माझ्या खांद्यावर पुटपुटत होते, दार, दार. आणि मग माझ्या आतून कुठून तरी, मी न ठरवता, लहानपणीच्या आवाजात ते बाहेर आलं, “हायेत का घरात? अहो, हायेत का कोनी घरात?”

विमानात घर कुठलं? पुढच्या खुर्च्यांवरची दोन पोरं वळून फिसकन हसली. मला त्याचं काही वाटलं नाही. मी पुन्हा तीच हाक मारली, आणखी मोठ्यानं. मी ती कोणाला मारत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या मुलीला म्हणाल तर घरात कशाला म्हणेन? देवाला म्हणाल, तर त्याला अशी हाक मी उभ्या जन्मात मारली नव्हती. मी फक्त चौकटीबाहेर उभी होते आणि आत जायला मला दुसरी वाट नव्हती.

आणि उत्तर आलं. “हाये!”

पलीकडच्या त्या गृहस्थांनी झोपेतच म्हटलं ते. नंतर त्यांनीच सांगितलं, की हाक कानावर पडली आणि आपण घरीच आहोत असं वाटून तोंडातून गेलं. रुमाल तोंडावरून ओढून ते ताडकन उठून बसले. “काय झालं, ताई?” म्हटलं, “साखर उतरली ह्यांची. गोड पाहिजे हो काहीतरी.” पट्टा सोडून, खुर्चीचा आधार घेत ते वाट ओलांडून आले. सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. गूळ! चांगला पिवळाधमक खडा. खुर्चीच्या दांड्यावर दाबून त्याचा चुरा केला आणि बिस्मिल्ला म्हणत थोडा थोडा ह्यांच्या जिभेवर, हिरड्यांवर लावू लागले. “गिळतंय का बघा, ताई. घशात नगं जायला एकदम.” मी ह्यांची हनुवटी धरून बसले. मग त्यांनी पडद्याकडे तोंड करून अशी आरोळी ठोकली, की पंख्यांची घरघर त्यापुढे काहीच नाही. “ओ पोरी! साखर आन, पानी आन, बिगीबिगी आन!” भाषा तिला कळली की नाही देव जाणे, पण ती धडपडत आली. मागून दुसरी फळांच्या रसाचा डबा आणि साखरेच्या पुड्या घेऊन आली. घोट घोट करून रस पाजला. मघाशी हसलेल्या त्या पोरांपैकी एकानं आपल्या बाटलीचं झाकण उघडून पाणी पुढे केलं.

तो मधला वेळ किती होता मला माहीत नाही. मी काही मागत नव्हते, काही म्हणत नव्हते. नुसती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. करण्यासारखं होतं ते करून झालं होतं, आणि आता हे भानावर येतील किंवा नाही येणार, यात माझ्या हातात काही उरलं नव्हतं. आश्चर्य म्हणजे तेव्हा मला भीती वाटत नव्हती. हाकेला एकदा उत्तर आलंय, आता थांबायचं, एवढंच मनात होतं. हळूहळू घाम ओसरला. डोळे स्थिर झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, “काय गं, रडतेस कशाला?” मी रडतेय, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग ओठ चाटून, कपाळाला आठ्या घालून पुढचं वाक्य, “गूळ कोणी दिला मला? शुगर वाढेल ना!” ते गृहस्थ एवढ्यानं हसले की सगळं विमान हसलं.

डबा आला, खिचडी पोटात गेली, मग बोलणं झालं. ते आमच्याच जिल्ह्यातल्या काष्टीचे, बैलांचे व्यापारी. बहिणीच्या घरी लग्न म्हणून हैदराबादला निघाले होते, भाच्यानं हौसेनं विमानात बसवलं होतं. गुळाचं विचारलं तर जरा ओशाळले. म्हणाले, “बाजारात नवा बैल घेतला की त्याला आधी गूळ चारायचा, आपला करायचा. खिशात असतोच. पन ताई, ह्यो खडा नवा हाये बरं, बैलाचा उष्टा न्हाई.” मला राहवेना. मी म्हटलं, “भाऊ, आज शनिवार, सकाळीच दर्शन करून आले. शनिदेवानंच धाडलं तुम्हाला.” त्यावर टोपी सारखी करत म्हणाले, “मला तर त्या पोरीनं धाडलं, ताई. पट्टा बसंना म्हनून.” आणि वर बघून हात जोडल्यासारखे केले, तेही तेवढ्याच सहज.

आमचे फोरमन पुढे बरेच दिवस याचा उलगडा करत होते. पट्टा बिघडलेला, म्हणून माणूस मागे आला. व्यापारी, म्हणून खिशात गूळ. आपल्याच भागातला, म्हणून हाक कळली. सगळं सरळ आहे, म्हणतात. मीही नाही कुठे म्हणते? सरळच आहे. मी वाद घालत नाही, कारण मला सिद्ध काही करायचं नाही. बेल चालू असती तर मी बेल दाबली असती, ती मुलगी आली असती, तेही बरंच झालं असतं. पण मग मला हाक मारावी लागली नसती. आणि ती मारल्याशिवाय मला कळलं नसतं, की इतकी वर्षं मी दिवा लावत होते, स्तोत्र म्हणत होते, पण हाक अशी कधी मारलीच नव्हती. शरण जायचं म्हणजे काही मोठं अवडंबर लागतं, निदान सुंदर शब्द तरी लागतात, अशी माझी समजूत होती. तसं काही लागत नाही. आपलं काही चालत नाही हे कबूल करून बाहेर उभं राहायचं आणि विचारायचं, आहे का कोणी. उत्तर कुठून, कोणाच्या तोंडून यायचं, ते आतल्यानं ठरवायचं.

मुलगी सुखरूप सुटली, नात झाली. तिच्या कौतुकात आमचे तिथले दिवस भुर्रकन गेले. नगरला परत आलो तर दारावरची बेल बंद पडलेली. ह्यांनी पेचकस काढला, तर मी म्हटलं, “राहू द्या.” जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, त्याला घरची बंद बेल कशी सहन व्हावी? पण त्या दिवशी का कोण जाणे, पेचकस परत जागेवर ठेवला. एका कागदावर आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, बेल बंद आहे, आवाज द्या, आणि चिकटपट्टीनं लावून टाकला. शेजारपाजार हसतो. हसू दे.

आता मी भाजी घेऊन येते, पिशवी खाली ठेवते आणि दाराबाहेर उभी राहून खड्या आवाजात विचारते, “हायेत का घरात?” कधी हे आत पेपर वाचत असतात, कधी डुलकी लागलेली असते, उत्तराला जरा उशीर होतो. तेवढ्यात माझा जीव खालीवर होतो. किल्ली माझ्या पर्समध्ये असते, पण मी ती काढत नाही. थांबते. आणि मग आतून आवाज येतो, “हाये गं, हाये. ये, आणि दार लावून घे.”

मी हात जोडते आणि आत जाते.